रॅम महागली, त्यात लिनक्स म्हणतं ‘किल्ड’! आता काय?

गेल्या आठवड्यात रात्री उशिरा कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन. ती पावसाच्या नोंदींवर पीएचडी करतेय. “अरे, सहा तास चाललेली रन उडाली. स्क्रीनवर फक्त ‘किल्ड’. सोमवारी सेमिनार आहे. रॅम वाढवू का?”

म्हटलं, थांब. एआय डेटा सेंटरना लागणाऱ्या एचबीएम मेमरीत जास्त पैसा आहे, म्हणून सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन तिकडे वळलेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाव चढणारच. स्टायपेंडवर जगणाऱ्याने आधी बघावं की रन मारली कोणी.

लिनक्स मेमरी देताना सढळ हाताने कबूल करतं. प्रोग्रामने मागितली की बहुतेक वेळा ‘घे’ म्हणतं, पण खरी रॅम लागते ती त्या जागेत काही लिहिल्यावर. रॅम आणि स्वॅप दोन्ही संपले की कर्नलचा ओओएम किलर उठतो आणि सहसा सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारतो. सिग्नल ९, म्हणून एक्झिट कोड १३७ (१२८ + ९). हा सिग्नल अडवता येत नाही, त्यामुळे फाइल सेव्ह करायचीही संधी नाही. तुमच्या फोनवर मागे ठेवलेलं ॲप कधी कधी पहिल्यापासून सुरू होतं ना? अँड्रॉइडही लिनक्स कर्नलवरच चालतं.

कर्नलच्या लॉगमध्ये तिच्या पायथनचं नाव सापडलं. आता हिशेब. ४०,००० दिवस, ४०,००० ठिकाणं, प्रत्येक आकड्याला ८ बाइट: १२.८ जीबी. लॅपटॉप १६ जीबीचा, म्हणजे कसंबसं मावलं. पण पुढच्याच ओळीत प्रत्येक ठिकाणाची सरासरी वजा केली होती, आणि नमपाय त्यासाठी तेवढाच दुसरा ॲरे बनवतं. तिथेच खेळ खल्लास!

वजाबाकी त्याच ॲरेत केली, दुसरी कॉपी वाचली. आकडे ३२ बिटचे केले, ६.४ जीबी झाले. पावसाच्या मिलिमीटरला एवढी अचूकता भरपूर आहे (सरासरीची बेरीज मात्र ६४ बिटमध्येच ठेवली). सगळ्याच गणितांना हे चालत नाही, आंधळेपणाने करू नका. शिवाय दर टप्प्याला निकाल डिस्कवर लिहायला लावला. स्वॅप वाढवायचा सल्ला सगळे देतात, पण मोठ्या ॲरेवर मशीन इतकं रांगतं की मेलेलं बरं वाटतं.

रन पहाटे पूर्ण झाली. सकाळी तिचा मेसेज: “आता आठ वर्कर लावून फास्ट करू?” प्रत्येक वर्कर डेटाची आपली कॉपी घेऊन बसला तर काय होईल ते तिला लिहिलं. म्हटलं, आधी दोन लाव.