ओरॅकल सोडण्याचा खर्च


ओरॅकल डेटाबेस सोडून पोस्टग्रेस वापरा, हा मागील अंकातील पत्रलेखकांचा सल्ला वाचला. ओरॅकलचा परवाना जाचक महाग आहे, हे मान्य. पण पोस्टग्रेस फुकट म्हणून स्थलांतरही फुकट, हा हिशेब पटत नाही. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग ‘नल’ (म्हणजे मूल्यच नाही) मानते, पोस्टग्रेस मानत नाही. एवढ्या फरकाने अहवालातले आकडे गुपचूप बदलतात आणि त्रुटीचा संदेशही येत नाही! बदललेल्या ओळींच्या जुन्या प्रती पोस्टग्रेस टेबलातच ठेवते, म्हणून त्या साफ करणाऱ्या ‘व्हॅक्यूम’वर लक्ष ठेवावे लागते. शिवाय वर्षानुवर्षे साठलेला ओरॅकलचा पीएल/एसक्यूएल कोड पुन्हा लिहून तपासणाऱ्यांचे पगार कोण मोजणार? निर्णयाआधी रात्रपाळीच्या प्रशासकांना बैठकीला बोलवा.

– एक डेटाबेस प्रशासक, पुणे