सोबतीचे माणूस

लैंगिक अत्याचार झालेले मूल बहुधा आधी आईला सांगते. मग तेच पोलिसांना, डॉक्टरांना, दंडाधिकाऱ्यांना आणि शेवटी न्यायालयात. दर वेळी खोली नवी, माणसे नवी. सांगायचे मात्र तेच, जे मुलाला विसरायचे असते. या साऱ्या वाटेवर मुलाच्या ओळखीचे, त्याच्या बाजूचे आणि कायदा जाणणारे एक तरी माणूस कायम सोबत हवे.

कायदा याबाबत मुका नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला, मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा ‘पॉक्सो’ कायदा सांगतो : जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्या, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा, आरोपीशी मुलाची गाठ पडू देऊ नका, रात्री ठाण्यात ठेवू नका, चोवीस तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवा. उपचारापूर्वी रुग्णालयाने पोलिसांचे पत्र मागू नये, हेही नियमांत आहे.

तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात अत्याचार झालेल्या दोन चिमुरड्यांच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागले. लोक रेल्वे रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, पोलीस अधिकारी निलंबित झाले. संतापाने पोलीस ठाणे हलले. पण प्रत्येक मुलामागे असा जमाव उभा राहत नाही. आणि राहायची गरजही पडता कामा नये.

म्हणूनच ‘पॉक्सो’च्या २०२० च्या नियमांतील ‘सहाय्यक व्यक्ती’ ही तरतूद मोलाची आहे. मूल आणि पालकांच्या संमतीने बालकल्याण समितीने नेमलेली ही व्यक्ती तपासात आणि खटल्यात मुलाच्या सोबत राहते. पुढे काय होणार, हे ती त्याला समजेल अशा शब्दांत सांगते, भरपाईची वाट दाखवते, त्याची भीती अधिकाऱ्यांच्या कानावर घालते आणि ऐकलेले गुप्त ठेवते. अशी सोबत मिळू शकते, हे पालकांना सांगितलेच पाहिजे आणि या कामाचा मोबदला शिक्षण व अनुभवाला साजेसा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये बजावले आहे. नियमांनी ठरवलेला किमान दर मात्र कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतकाच आहे. वर्षानुवर्षे मुलाची वेदना सांभाळणारे प्रशिक्षित माणूस तेवढ्यावर टिकणार कसे?

मुलाची साक्ष न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपावा, असे कायदा म्हणतो. खटले लांबतात तेव्हा तपास अधिकारी बदलून जातो, सरकारी वकील बदलतो. मूल तेच राहते, फक्त मोठे झालेले. तारखेची नोटीस घरी येते तेव्हा जुनी जखम पुन्हा भळभळते.

राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात प्रशिक्षित सहाय्यक व्यक्तींची पुरेशी फळी उभारावी, त्यांना नियमित आणि सन्मानाचे मानधन द्यावे. त्यांची यादी प्रत्येक पोलीस ठाण्यात असावी. गुन्हा नोंदवताच पालकांना या हक्काची माहिती मिळाली का आणि समितीने कोणाला नेमले, याची नोंद तपासाच्या कागदांत हवी. आरोपीला वकील मिळतो का, हे न्यायालय आवर्जून पाहते, आणि ते योग्यच आहे. मुलाला सोबत मिळाली का, हेही तितक्याच काटेकोरपणे पहिल्याच तारखेला विचारले जावे.