चाकांची घरघर

जुन्या गाडीचा मालक इंजिनाच्या बाबतीत जितका हळवा असतो, तितकाच चाकांच्या बाबतीत उदासीन असतो. इंजिनाने जरा ठसका दिला की गाडी त्याच दिवशी गॅरेजात जाते. चाकाकडून येणारी घरघर मात्र महिनोनमहिने सोबतीने प्रवास करीत राहते. यात निष्काळजीपणापेक्षा सवयीचा भाग मोठा आहे. हा आवाज हळूहळू वाढतो आणि कान त्याला सरावतात. काच वर केली जाते, रेडिओ थोडा मोठा केला जातो. मग एखाद्या दिवशी गावाहून आलेला पाहुणा शेजारी बसतो आणि पहिल्याच किलोमीटरला विचारतो, "गाडीला काय झालंय?"

त्यानंतर गाडी मिस्त्रीकडे जाते आणि बहुधा एकच निदान ऐकावयास मिळते : "बेअरिंग गेलंय." पुढची दोन्ही बेअरिंगे बदलली जातात, चार पैसे खर्च होतात आणि परतीच्या वाटेवर तोच आवाज पुन्हा साथीला असतो. दोष मागच्या टायरांचा होता, हे नंतर कळते. मिस्त्रीला सर्वस्वी दोष देणेही न्याय्य नव्हे. ज्याला 'आवाज येतोय' एवढेच सांगितले जाते, त्याने अंदाजाखेरीज करावे तरी काय? कोणत्या वेगाला, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वळणावर, ही माहिती मालकाजवळच असते. सुटे भाग बदलण्यापूर्वी तासभर लक्षपूर्वक ऐकण्याची जबाबदारीही म्हणूनच त्याची आहे.

त्यासाठी फार मोठे तांत्रिक ज्ञान लागत नाही. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ठरावीक वेगात क्षणभर क्लच दाबावा. इंजिन मात्र बंद करू नये, कारण त्याबरोबर ब्रेक व स्टिअरिंगला मिळणारे साहाय्यही जाते. इंजिनाचे फेरे उतरूनही गुणगुण तशीच राहिली आणि गाडीच्या वेगाबरोबरच कमी झाली, तर ती चाकांकडची समजावी. दुसरी कसोटी रस्त्याची. शहरातील डांबरी रस्ता सोडून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर गाडी चढली की टायरांचा सूर लगेच पालटतो. बेअरिंगला मात्र खाली डांबर आहे की काँक्रीट, याचे सोयरसुतक नसते. त्याची घूं-घूं तशीच चालू राहते. तिसरी कसोटी वळणाची. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. अशा वेळी आवाज वाढला आणि उजवीकडे वळताना दबला, तर संशय उजव्या बाजूच्या बेअरिंगवर घ्यावा. ही खूण दरवेळी अचूक ठरते असे नाही, परंतु चारांपैकी कोणत्या चाकापासून तपासणी सुरू करावी, हे तिच्यावरून कळते.

टायरचा दोष पुष्कळदा हातालाच कळतो. गाडी थांबवून, हँडब्रेक लावून टायरच्या नक्षीवरून तळवा हलकेच फिरवावा. मात्र झिजलेल्या टायरातून बाहेर आलेली तार बोचणार नाही, याची काळजी घ्यावी. एका दिशेने हात गुळगुळीत जातो आणि उलट दिशेने करवतीसारखा अडतो, तेव्हा अलाइनमेंट बिघडलेले असण्याचा संभव मोठा. नक्षीवर ठरावीक अंतराने खळगे लागले, तर मूळ बहुधा थकलेल्या शॉक अॅब्सॉर्बरमध्ये किंवा बिघडलेल्या बॅलन्सिंगमध्ये असते. येथेच सर्वांत मोठी फसगत होते. मालक नवे टायर घालतो, काही दिवस शांतता लाभते. परंतु थकलेले शॉक अॅब्सॉर्बर तसेच असल्याने काही हजार किलोमीटरनंतर नव्या टायरांनाही तेच खळगे पडतात. शंका उरलीच, तर पुढचे व मागचे टायर अदलाबदल करून पाहावेत. आवाजाने जागा बदलली, तर टायर दोषी.

बेअरिंगच दोषी ठरले, तरी प्रश्न संपत नाही. बऱ्याच जुन्या मोटारींमध्ये ते प्रेसच्या दाबाने बसवावे लागते. हातोड्याने ठोकून बसविलेले नवे बेअरिंग लवकरच बोलू लागते. गॅरेजात प्रेस आहे काय, हा प्रश्न किंमत विचारण्यापूर्वी विचारावा.

गाडीच्या रचनेनुसारही आवाज बदलतात. मारुती ८०० सारख्या, पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कट-कट ऐकू आली, तर एक्सलच्या बाहेरच्या सांध्याचे रबरी आवरण फाटून ग्रीस निघून गेले आहे का, ते पाहावे. अॅम्बॅसेडरच्या मालकाला हा अनुभव येणार नाही. तिची शक्ती मागच्या चाकांकडे जाते. नक्षीत अडकलेला खडाही वेगाबरोबर टिकटिकतो. स्क्रू-ड्रायव्हरने तो काढला की काम संपले. खडा नसून खिळा निघाला, तर मात्र तो तेथेच उपटण्यापूर्वी स्टेपनीची हवा पाहून घ्यावी.

काही आवाजांपुढे मात्र ही सवड नसते. पंक्चर काढून चाक पुन्हा बसविल्यानंतर खडखड सुरू झाली, तर नट ढिले असू शकतात. गाडी तत्काळ थांबवावी. संथ वेगातही धप-धप जाणवत असेल आणि टायरला फुगवटा दिसत असेल, तर त्या टायरवर पुढे जाऊ नये. ब्रेक दाबताच धातूवर धातू घासल्याची खरखर ऐकू आल्यास पॅड संपलेले असतात.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते टायरचे वय. निवृत्त गृहस्थाची गाडी वर्षाला जेमतेम दोन हजार किलोमीटर चालते. नक्षी खोल दिसते, टायर गोटा झालेला नसतो, म्हणून तो उत्तम मानला जातो. परंतु रबर उभ्या गाडीतही कडक होते, त्याला चिरा पडतात आणि आवाज वाढतो. टायरच्या बाजूवर शेवटी कोरलेले चार अंक पाहावेत. ३२१४ असल्यास तो २०१४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातील. नक्षी कितीही शाबूत असली, तरी दहा वर्षांपुढे टायर वापरू नये, असे काही उत्पादकच सांगतात. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत पहिले काही किलोमीटर धप-धप येऊन टायर तापल्यावर ती थांबते. तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण होताना तपासणी होते खरी, पण ती त्या दिवसापुरती. बेअरिंग काही नूतनीकरणाची मुदत पाहून बिघडत नाही.

जुनी गाडी कर्ज काढून घेणाऱ्यांसाठी तर हा विषय अधिकच निकडीचा आहे. खरेदीदार कागदपत्रे पाहतो, किलोमीटरचा आकडा पाहतो, रंगावरून हात फिरवितो. चाकांचा आवाज ऐकणारा विरळा. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी आणि चेन्नईत डिसेंबर २०१५ मध्ये असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या होत्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते, परंतु बेअरिंगमध्ये शिरलेले पाणी गंज धरते आणि महिन्यांनंतर घरघरू लागते. तोवर गाडीने मालक बदललेला असतो आणि हप्ते नव्या मालकाच्या नावे सुरू झालेले असतात. म्हणून चाचणीच्या फेरीत वातानुकूलन व संगीत बंद करावे, काचा उतराव्यात, ताशी साठ किलोमीटरपर्यंत वेग नेऊन दोन्ही बाजूंच्या वळणांवर कान द्यावा आणि परतल्यावर चारही टायरांचे व स्टेपनीचे अंक वहीत टिपून मगच किमतीची बोलणी सुरू करावीत.