डीजे कापा, तारपा आणा!

'तिनारिवेन'चा 'तासिली' (२०११) रूमवर लावला की पोरं म्हणतात, "हे काय वाळवंटी?" अहो, मालीच्या या तुआरेग मंडळींनी तो अल्जेरियाच्या वाळवंटात, तंबूत बसून रेकॉर्ड केला आणि २०१२ चं ग्रॅमी नेलं. त्यांच्या इब्राहिमनं पहिली गिटार पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार यांतून बनवली. (वर्कशॉपवाले, ऐकताय ना?)

आणि कामणला राहून आपल्याला पालघरच्या वारल्यांचा तारपा परका! वाळका भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं. वादक दम न तोडता फुंकत राहतो. आपण त्याला गॅदरिंगला पाहुण्यांच्या स्वागतापुरता पाच मिनिटं उभा करतो, की डीजे सुरू. यंदा तारप्याला अख्खी रात्र द्या. आणि मानधन आधी ठरवा, शाल-नारळ नंतर.