लिफ्टची शिक्षा चाकांना कशाला?

मंडळी, ट्रकचं सस्पेन्शन बदललं की कंपनीची चाकंही फेकून द्यायची, हे शास्त्र नक्की लिहिलं कुणी?

इकडे कॅलिफोर्नियात आपल्यातल्या बऱ्याच जणांना वीकेंडला डोंगरात जायची हौस असते, मग दारात टोयोटा टकोमा येते. पाठोपाठ दोन-तीन इंचांचं लिफ्ट. इथपर्यंत माझी तक्रार नाही. गाडी पुढून उचलली की कॅस्टर कमी होतो आणि हायवेला ती सरळ राहायला कुरकुर करते. बाजारातला चांगला अपर कंट्रोल आर्म तो कॅस्टर परत आणून देतो, शिवाय चाक खाली लोंबकळलं तरी आर्म स्प्रिंगला आपटत नाही. म्हणजे हा खर्च कामाचा.

पण लगेच कुणीतरी सांगतं, "नवा आर्म टायरला घासेल रे, झीरो ऑफसेटची रुंद चाकं टाक!" आणि आपला इंजिनिअर, जो ऑफिसात एका ओळीच्या बदलालाही तीन रिव्ह्यू मागतो, तो मुकाट्याने कार्ड काढतो. एक लायब्ररी अपग्रेड केली म्हणून कुणी डेटाबेस बदलतं का?

जरा हिशोब करू. (शनिवार आहे, वेळ आहे.) समजा कंपनीचं चाक ७ इंच रुंद, ऑफसेट +३० मिमी. नवं चाक साडेआठ इंच, ऑफसेट शून्य. चाकाची आतली कड आर्मपासून लांब जाते जेमतेम ११ मिमी. बाहेरची कड किती बाहेर येते? ४९ मिमी! दोन्ही बाजूंना मिळून जवळजवळ चार इंच. टायरचा मध्य ३० मिमी बाहेर सरकतो, म्हणजे स्टिअरिंग ज्या अक्षाभोवती वळतं त्यापासून तो तेवढाच लांब जातो. मग खडकावर चाक आपटलं की झटका थेट मनगटात. बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळाच. आणि वळताना टायर मोठा फेर घेतो, तो मागे कॅबच्या माउंटला घासायला लागतो. त्यावर उपाय काय, तर माउंट कापून वेल्डिंग करा! अरे, ज्या घासण्याला घाबरून चाकं बदललीत तेच घासणं दुसरीकडे विकत घेतलंत की. आता फ्रेमलाही कटर.

गंमत म्हणजे मूळ अडचण बहुतेक वेळा टायरच्या रुंदीची असते. टकोमाच्या टीआरडी ऑफ-रोडवर २६५ चा टायर येतो. त्याच चाकावर २८५ चा घातला की तो आत साधारण १० मिमी सरकतो, आणि शिव्या खातो बिचारा आर्म. २६५ वरच राहा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता कुणी म्हणेल, काही आर्म्सचा सांधा खरंच जाड असतो. असतो ना! २८५ हवाच असेल तर थोड्या कमी ऑफसेटची चाकं घ्यावी लागतील, कबूल. पण थोड्या. आणि आधी मोजून. आर्म बनवणाऱ्याला दोन ओळींची मेल टाका: कंपनीच्या चाकावर, या मापाच्या टायरला किती जागा उरते? उत्तर आकड्यात आलं नाही तर दुसरा आर्म बघा. "लूक भारी येतो" हे कारण मला मान्य आहे बरं का, फक्त त्याला सेफ्टी म्हणू नका. मागच्या सीटवर पोरं बसलेली असतात.

तपासायची पद्धत अगदी साधी आहे. गाडी नीट स्टँडवर घ्या, जाणकार हाताकडून स्प्रिंग काढून घ्या (दाबलेली स्प्रिंग म्हणजे खेळणं नव्हे), आणि चाक जॅकने अगदी खालपासून अगदी वरपर्यंत न्या. स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे. आर्मवर मुलांच्या खेळातल्या मातीचा गोळा चिकटवून ठेवा. टायरने तो चेपला तर उरलेली जाडी मोजा. चेपलाच नाही तर नव्या चाकांचं कोटेशन रद्दीत टाका, आणि त्या पैशात अलाइनमेंट करून घ्या. ती मात्र लिफ्टनंतर लागतेच.