म्हणाला, त्याने, माझ्या

बेंगळुरूतल्या इंग्रजी शाळांत जाणाऱ्या मराठी मुलांच्या दप्तरात पहिलीपासूनच 'साइट वर्ड्स'चा कागद येऊ लागतो. 'द', 'वॉज', 'सेड', 'दे'. पाठ करून या, सोमवारी विचारणार. मग रविवारच्या मराठी वर्गाला आईबाप विचारतात, मराठीची अशी यादी आहे का? मागणी असली की पुरवठा होतोच. कोणीतरी इंग्रजी यादीचे भाषांतर करतो, रंगीत पट्ट्या छापतो, आणि त्या फिरत फिरत महाराष्ट्रातल्या बालवर्गांच्या भिंतींवरही लागतात. त्यांवर असते काय, तर 'घर', 'फळ', 'नळ', 'कमळ'. ज्या मुलाला क, म, ळ येतात ते कमळ वाचतेच. त्यासाठी पट्टी कशाला हवी? या पट्ट्या उतरवल्या तर वर्गाचे काही बिघडणार नाही.

इंग्रजीतली यादी एका अडचणीतून जन्मली. इलिनॉय विद्यापीठातले एडवर्ड डॉल्च यांनी 1936 साली 220 शब्द निवडले. त्यांत नामे नाहीत, ती 95 शब्दांची यादी वेगळी. उरले ते वाक्य जोडणारे आणि चालवणारे शब्द. मुलांच्या पुस्तकांत ते पानोपानी येतात आणि त्यांतले बरेच अक्षरांवरून सरळ उच्चारता येत नाहीत. पुढे लिनिया एरी यांच्या संशोधनाने दाखवले की असे शब्दही चित्रासारखे डोक्यात बसत नाहीत. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घातली गेली तरच ते टिकतात. म्हणजे इंग्रजीतही नुसत्या पट्ट्या पुरत नाहीत.

मग मराठीला याची गरजच नाही का? आहे, पण दुसऱ्या जागी. पहिलीच्या मुलासाठी गोष्टीतली चार वाक्ये लिहून पाहा. 'त्याने', 'तिच्या', 'माझ्या', 'म्हणाला', 'म्हणून', 'सगळ्यांना' यांच्यावाचून वाक्य पुढे सरकत नाही. या सगळ्यांत जोडाक्षर आहे, आणि जोडाक्षरे आपण शिकवतो सगळ्यांत शेवटी. बोलण्यात सर्वांत जास्त लागणारे शब्द वाचनात सर्वांत उशिरा येतात. तोवर मुलाच्या वाट्याला 'कमल, नमन कर' छापाची वाक्ये, जी कोणत्याही घरात कोणीही बोलत नाही.

कन्नडमध्ये हे आणखी ठळक दिसते. अम्म, अप्प, अण्ण, अक्क, अज्जी: घरातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या हाकेत एक ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षर. 'मत्तु' म्हणजे आणि, 'इल्ल' म्हणजे नाही, 'नन्न' म्हणजे माझा, तिथेही तेच. कर्नाटकाच्या 'नली-कली' पद्धतीने वर्णमालेचा क्रम सोडून र, ग, स, द, अ यांपासून सुरुवात केली. शब्द लवकर जुळावेत म्हणून ते शहाणपणाचेच होते. पण 'अम्म' त्या पहिल्या गटात बसत नाही. बेंगळुरूच्या सोनाली नाग यांनी 2007 साली कन्नड वाचनावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसले की अक्षरांचा हा मोठा संच हाताशी यायला मुलांना प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात. 26 अक्षरांच्या लिपीचे वेळापत्रक आपल्याला लागू पडत नाही.

मराठीपुरता पुरावाही बेंगळुरूतूनच आला. अझीम प्रेमजी विद्यापीठ आणि टाटा ट्रस्ट्स यांनी 2017 साली पालघरमधल्या वाडा भागातल्या मराठी आणि यादगीरच्या कन्नड वर्गांचा तीन वर्षांचा अभ्यास छापला. आधी अक्षर, मग बाराखडी, मग सुटे शब्द. अर्थाचा मजकूर त्यानंतर, ही शिडी दोन्हीकडे दिसली. आपल्यापैकी अनेकांच्या वर्गात ती आजही उभी आहे.

म्हणून काही शब्द, फार नाहीत, दहाबारा, जोडाक्षरांच्या पाठाची वाट न पाहता आधीच द्यावेत. पण पट्टी दाखवून वदवून घेणे म्हणजे देणे नव्हे. पट्ट्यांवर तयार झालेले मूल काय करते ते जवळ बसून ऐका. ते 'आहे' दिसले की 'आणि' म्हणते, कारण सुरुवातीचा आ पाहिला की काम झाले. 'होती'ला 'होता' म्हणते. इथे मराठी इंग्रजीपेक्षा कडक आहे. केला, केली, केले. गेला, गेली, गेले: आपले अर्धे व्याकरण काना, मात्रा आणि वेलांटीत राहते. शब्दाचा नुसता आकार ओळखायची सवय लागलेले मूल नेमके तेच गाळते आणि मुलीच्या गोष्टीत मुलगा आणून बसवते.

'म्हणाला' फळ्यावर लिहा आणि विचारा, यातले तुला काय येते? णा येतो, ला येतो. अनोळखी फक्त म्ह. तेवढेच सांगा, मग 'म्हणाली', 'म्हणून' खाली लिहा आणि बदलले काय ते मुलांनाच शोधू द्या. 'त्या'चेही तसेच: त्याने, त्याला, त्यात. प्रत्ययाचा तुकडा एकदा ओळखीचा झाला की घराने, मुलाला, पिशवीत हे शब्द यादीशिवाय वाचता येतात. आणि शब्द वाक्यातच द्यावा, तेही वर्गातल्या कोणाच्या तरी बोललेल्या वाक्यात: 'माझ्या डब्यात लाडू आहे.'

गोष्टींची पुस्तके निवडतानाही हे लक्षात असावे. बेंगळुरूच्या प्रथम बुक्सने 2015 साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी पुस्तके मोफत मिळतात, जरूर वापरा. मात्र भाषांतरित पुस्तकाची पातळी मूळ भाषेवरून ठरलेली असेल, तर पहिल्या पातळीच्या पानावरही 'त्यांच्याजवळ' भेटू शकते. आधी स्वतः वाचून मग मुलाच्या हाती द्यावे, एवढेच.

'निपुण भारत' या सरकारी अभियानाने तिसरीसाठी मिनिटाला 60 शब्दांचे लक्ष्य ठेवले आहे, अर्थ समजण्याच्या अटीसह. ही अट तपासणीच्या घाईत गळते आणि उरते घड्याळ. मग पट्ट्यांचा मोह वाढतो, कारण पट्ट्यांनी वेग लवकर दिसतो.

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सरकारी मराठी शाळांची पुस्तके बेंगळुरूहून येतात, महाराष्ट्रातली बालभारतीकडून. अक्षरांचा क्रम वेगळा असेल तर आधी द्यायचे शब्दही वेगळे पडतील. तेव्हा सर्वांसाठी एकच यादी आम्ही छापणार नाही. आपल्या वर्गाच्या पुस्तकाची पहिली वीस पाने घ्या, अजून न शिकवलेल्या अक्षरांमुळे अडणारे आणि दोनदा तरी आलेले शब्द उतरवा, आणि इयत्ता व पुस्तकाचे वर्ष लिहून आमच्याकडे धाडा. सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या याद्या पुढच्या अंकात शेजारी शेजारी छापू.