आजीचं मेतकूट आणि फोनमधलं माजघर



चैत्रात आमच्या झाशीच्या घरी हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ वाटता वाटता आजी मेतकुटाचं प्रमाण सांगत होती आणि मी ते फोनवर, एका ॲपमध्ये रेकॉर्ड करत होते. इथे घराबाहेर सगळा हिंदीचा कारभार, त्यामुळे आजीचं बोलणं हेच आमचं पाकपुस्तक. बघता बघता तेवीस रेकॉर्डिंग जमली.

मग फोन अडकायला लागला. मी ते ॲप काढलं, पुन्हा टाकलं. उघडलं तर यादी कोरी!

"त्यात काय एवढं, परत सांगते," आजी म्हणाली. सांगितलंही. पण या वेळी गहू राहिले. आठवण केली तर म्हणाली, "मेतकुटात गहू घालतात का गं?" तेव्हा मात्र माझ्या पोटात धस्स झालं.

पुण्याला दादाला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, तू सामान माजघरात ठेवलंच नाहीस!"

त्याने समजावलं ते असं. जुन्या वाड्यात ज्याची त्याची खोली असते आणि सगळ्यांचं एक माजघर असतं. अँड्रॉइडमध्येही प्रत्येक ॲपला स्वतःची खोली मिळते. ॲप काढलं की ती खोली सामानासकट साफ. डाउनलोड, डॉक्युमेंट्स, डीसीआयएम हे फोल्डर म्हणजे माजघर. तिथे ठेवलेली फाइल ॲप गेलं तरी राहते. 2019 साली आलेल्या अँड्रॉइड 10 पासून खोल्यांच्या भिंती आणखी पक्क्या झाल्या. एका ॲपने दुसऱ्याच्या सामानात डोकावू नये म्हणून हे बरंच आहे. फक्त आपली वस्तू कुठे ठेवली जातेय, ते आपल्याला माहीत हवं.

कॉम्प्युटरवरही हाच नियम, नावं तेवढी वेगळी. विंडोजवर माझ्या 'डॉक्युमेंट्स'मधलं बाबांच्या लॉगिनला दिसत नाही. दोघांना हवं असेल तर सी ड्राइव्ह, युझर्स, पब्लिक. मॅकवर युझर्समध्ये 'शेअर्ड' नावाचा फोल्डर असतो. सॉफ्टवेअरचं स्वतःचं सामायिक सामान मात्र निराळ्या जागी जातं. विंडोजवर ते 'प्रोग्रामडेटा'त, आणि हा फोल्डर लपवलेला असतो. मॅकवर लायब्ररीतल्या 'ॲप्लिकेशन सपोर्ट'मध्ये. लिनक्सवर न बदलणाऱ्या गोष्टी 'यूएसआर'मधल्या 'शेअर'मध्ये आणि बदलत राहणाऱ्या 'व्हार'मधल्या 'लिब'मध्ये. प्रोग्राम एकीकडे, माहिती दुसरीकडे ठेवायची, म्हणजे नवी आवृत्ती आली तरी माहितीला धक्का लागत नाही.

याचा अनुभव मला मराठी फॉन्टमुळे आला. मी पत्रिका सुंदर अक्षरात सजवली, बाबांच्या लॉगिनमध्ये उघडली तर अक्षर भलतंच! विंडोजवर फॉन्टवर राइट क्लिक केलं की दोन पर्याय दिसतात. नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलं की फॉन्ट आपल्यापुरता. 'इन्स्टॉल फॉर ऑल युझर्स' म्हटलं की अख्ख्या घराचा.

आता मी तीन गोष्टी करते. नवं ॲप घेतलं की सेटिंगमध्ये 'स्टोरेज' किंवा 'सेव्ह लोकेशन' आधी बघते. ॲप काढण्यापूर्वी एक्सपोर्ट करून फाइल डॉक्युमेंट्समध्ये आणते. आणि बँकेचे कागद मात्र माजघरात ठेवत नाही. ते आपापल्या खोलीतच बरे.

दादाने आणखी एक बजावलं. माजघर कितीही मोठं असलं तरी ते एकाच घरात असतं, म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या घरी हवी. झाशीकरांना हे निराळं सांगायला नको. 1858 साली शहर पडलं तेव्हा इथला मोठा ग्रंथसंग्रह नष्ट झाला. गोडसे भटजींनी 'माझा प्रवास'मध्ये ते लिहून ठेवलंय.

तर आता आजीची नवी रेकॉर्डिंग माझ्या डॉक्युमेंट्समध्येही आहेत आणि दादाच्या मॅकवरही. आतापर्यंत नऊच झालीत. गव्हाचं प्रमाण शेवटी धाकट्या मावशीआजीकडून मिळालं: वाटीभर हरभरा डाळीला पाव वाटी. आजीने ऐकलं आणि म्हणाली, "हो हो, तेवढेच. मीच शिकवलं तिला."

तुमच्या घरातला असा आवाज आत्ता कुठल्या खोलीत आहे? आज जरा बघाच.